हाताळणीची ओळ

बर्चर, पेनसिल्व्हेनिया
६ मार्च १९९७

बर्नी,

तुझी चिठ्ठी मिळाली. ‘आईच्या नळ्या मी बसवल्या हे लिहून दे, नाहीतर मला पत्र लिहू नकोस.’ एवढंच. कशी आहेस हे नाही, खाली सहीसुद्धा नाही. मी ते लिहून देणार नाही, आणि पत्र मात्र लिहिणार. जन्मापासून मला ओळखतेस, तेव्हा तुला याचं नवल वाटू नये.

आधी तुझी तब्येत. रक्त जायचं थांबलं का? टोलेडोला तुझ्या नणंदेकडे नीट जेवायला मिळतं का? ती बाई पाहुण्यापुढे डब्यातलं सूप गरम करून ठेवणारी. तुझा ड्वेन शनिवारी तिकडे निघाला तेव्हा त्याच्या हाती हलुश्की पाठवली होती, शेवयांत कोबी बारीक चिरून, तुला आवडते तशी. तो म्हणतो तू झाकण उघडलंही नाहीस. माझ्यावरचा राग जेवणावर काढायची तुझी सवय काही जात नाही.

आता चिठ्ठीचं. तू माझ्यावर जे ठेवतेस ते मी नाकारत नाही. आईला गर्भाशयाच्या कर्करोगावर नळ्या बसवायला कोपऱ्यातल्या खोलीत न्यायच्या आदल्या दिवशी चर्चच्या तळघरात आपण विक्रीसाठी पिरोहीच्या करंज्या भरत होतो. तिथे तू मला सांगितलंस की दिवस गेले आहेत, आणि या वेळी सीझियमच्या नळ्या डॉ. हॅलोरननाच बसवू देत. मी म्हटलं, त्यांचे हात कापतात. मागच्या वर्षी त्यांच्या चिमट्यातून नळी फरशीवर पडली होती, आणि ही आपली आई आहे. मिनिटाचं काम आहे, असंही म्हटलं. हे सगळं मी म्हटलं.

पण दिवस गेल्याचं तू हॉस्पिटलला लिहून दिलं असतंस तर तुला त्या खोलीजवळ कोणी फिरकू दिलं नसतं. नियमच तसा आहे. किरणांच्या विभागात काम करणाऱ्या बाईनं स्वतःहून कागदावर लिहून दिल्याशिवाय ती गरोदर आहे हे कोणी ओळखायचं नाही आणि विचारायचंही नाही, मग पोट टेबलाला का लागेना. तू लिहून दिलं नाहीस, कारण मागच्या खेपेला आधी सगळ्या गावाला सांगितलंस आणि महिन्याभरात बाळ गेल्याचं परत सगळ्या गावाला सांगत फिरावं लागलं. ते मी समजू शकते. पण म्हणून सगळं माझ्याच पदरात का घालतेस?

आणि मी बसवल्याचं लिहून का देत नाही तेही ऐक. बिलात ‘किरणोत्सर्गी स्रोताची हाताळणी’ अशी ओळ घालतात ती डॉक्टर स्वतः तिथे हजर असतील तरच. मी त्या बिलांच्या टेबलावर बसते आणि प्रत्येक बाईच्या बिलात ती ओळ त्यांच्या नावानं टाकते. आईच्याही टाकली. ते त्या वेळी घरी जेवत होते आणि नळ्या तू एकटीनं बसवल्यास, हे तुला माहीत, मला माहीत, निम्म्या हॉस्पिटलला माहीत. आता मी ते कागदावर आणलं तर सरकारी विम्याचे लोक येणार, त्यांच्यामागे राज्याच्या किरण विभागाचे येणार, आणि आल्याबरोबर नळ्यांच्या तिजोरीला कुलूप लावणार. आईच्या नळ्या अजून एकदा बसवायच्या आहेत. मूत्रमार्गाला जंतू झाले म्हणून फेब्रुवारीतली तारीख चुकली, आता अठरा तारखेला ठरलं आहे. एकदाच बसवून सोडून दिलं तर काय होतं ते तू माझ्यापेक्षा जास्त बायकांच्या बाबतीत पाहिलं आहेस.

ड्वेनकडून तू सांगतेस, मला पैसे नकोत, कोणाला शिक्षा नको, मला फक्त कळायला हवं की बाळ त्या नळ्यांमुळे गेलं का. तुझा किरण मोजायचा बॅज त्या दिवशी खुंटीवर होता, डॉक्टरांच्या सांगण्यावरून नेहमीच असायचा, त्यामुळे त्यावर काही उमटलं नाही. हॉस्पिटल म्हणतं, बिलाप्रमाणे खोलीत डॉक्टर होते, मग हिचं काय मोजायचं? मला हे सगळं समजतं, बर्नी. थोडं थांब, एवढंच म्हणते. आईचं दुसऱ्यांदा होऊन जाऊ दे.

तिला मी सांगितलं आहे की तू टोलेडोला नव्या मशीनचं शिकायला गेली आहेस. फोन केलास तर तसंच बोल.

टेस

१४ मार्च

बर्नी,

आईला कळलं.

मी नाही सांगितलं. ड्वेन बर्फ उपसायचं फावडं परत करायला आला. आईनं त्याला कॉफी दिली, तुझं शिकणं कसं चाललंय म्हणून विचारलं, आणि तो भला माणूस टेबलाशी बसून रडायला लागला. तुझ्या नवऱ्याला खोटं बोलता येत नाही हा गुण म्हणावा की दोष, मला कळत नाही. मी कामावरून आले तेव्हा तो गेला होता, कॉफी तशीच होती आणि आई स्वयंपाकघरात दिवा न लावता बसलेली.

तिनं मला एकच गोष्ट विचारली. बाळ होतं ते ती त्या खोलीत गेली त्याच्या आधीपासून, की नंतर? मी म्हटलं, आधीपासून. तिनं मान हलवली आणि ती झोपायला गेली.

सकाळी उठून स्वतः फोन लावला आणि अठरा तारीख रद्द केली. मला न विचारता. मी हॉस्पिटलात पोचले तर आमच्या ऑफिसातली मेरी लू मला विचारते, तुझ्या आईला काय झालं?

तू तिच्याशी बोल. माझ्याशी नको बोलूस, तिच्याशी बोल. तुझं ती ऐकेल. हे काम तुझं आहे, नळ्या म्हणजे काय ते तुला कळतं, मला नुसते आकडे कळतात. तिला सांग की मिनिटभरानं काही होत नसतं.

टेस

२ एप्रिल

बर्नी,

तू फोन केला नाहीस. ईस्टरलाही नाही. आईनं तुझी जागा मांडली होती, मी ती तशीच राहू दिली.

अठरा तारीख गेली. मी जे करता येईल ते केलं. फादर नोवाटनींना घरी आणलं. त्यांनी तासभर देवाच्या इच्छेबद्दल सांगितलं, आईनं त्यांना अक्रोडाचा रोल बांधून दिला आणि दारापर्यंत पोचवलं. मग डॉ. हॅलोरनना आणलं. ते बाहेरच्या खोलीत टोपी हातात धरून उभे राहिले, आणि आई त्यांना म्हणाली, बसा ना, तुम्हाला उभं राहायची सवय नाही. टोमणा त्यांना कळला असावा, कारण कान लाल झाले. एप्रिल संपायच्या आत व्हायलाच हवं, मग उपयोग राहणार नाही, असं सांगून गेले. त्यांच्यामागून दार लावून मी आईवर ओरडले. तुला सांगते, मी आजवर तिच्यावर आवाज चढवला नव्हता. बाबांचा खाणीत अपघात झाला तेव्हापासून घरात कोणी तिच्यावर आवाज चढवत नाही.

मी म्हटलं, तू मरशील. ती म्हणाली, “माझ्या पोटातलं मारायला माझ्या लेकीच्या पोटातलं गेलं. आता दुसऱ्या खेपेला कोणाचं नेऊ?”

मी म्हटलं, त्यानंच गेलं असं कोणी सांगितलं तुला?

“त्यानं गेलं नाही असं तरी कोणी सांगितलं? तू सांगतेस? तुला काय कळतं त्यातलं? ज्याला कळतं त्याला विचार आणि मग माझ्याशी बोल.”

ज्याला कळतं त्यानं मोजायचं तर आधी तू खोलीत होतीस हे कोणीतरी म्हणायला हवं. ते म्हणणं माझ्या टेबलावर अडलं आहे. मी आईला बिलाची भानगड सांगितली, ती ओळ, ते नाव, सगळं. मला वाटलं आता ती तुझ्यासारखीच माझ्यावर तुटून पडेल. तिनं फक्त विचारलं, हे तू माझ्यासाठी दाबून ठेवलंस का? मी म्हटलं, हो, तिजोरी उघडी राहावी म्हणून. ती म्हणाली, “मग उघडीच आहे की. मी जात नाहीये एवढंच.”

मी रात्रभर विचार केला असं लिहिणार नाही, कारण मला झोप लागली. पण सकाळी बस चुकली आणि मी चालत गेले, आणि पूल ओलांडेपर्यंत माझं ठरलं होतं. ज्या नळ्यांसाठी गप्प बसले त्या नळ्या आता कोणीच बसवून घेत नाहीये. मग मी कोणासाठी गप्प बसायचं? तुला हे आधीच कळलं होतं असं म्हणशील. म्हण. मला महिना लागला.

टेस

१८ एप्रिल

बर्नी,

दिलं लिहून.

आईचं बिल दुरुस्त करून पाठवलं. हाताळणीची ओळ काढून टाकली आणि सोबत माझ्या हातानं लिहिलेला कागद जोडला: डॉक्टर हजर नव्हते, नळ्या बर्नाडेट हिनं एकटीनं बसवल्या, बॅज खुंटीवर होता, आणि हे बिल करताना मला ते ठाऊक होतं. एक प्रत राज्याच्या किरण विभागाला पाठवली. आणखी एक तुझ्यासाठी या पाकिटात घातली आहे. तू मागितलं होतंस तसं शब्दाला शब्द आहे का पाहा, नसेल तर कळव, दुसरं लिहीन.

मग जे होणार होतं ते झालं. तिसऱ्या दिवशी दोन माणसं आली आणि तिजोरीला लाल पट्टी चिकटवून गेली. डॉ. हॅलोरन रजेवर गेले, ते आता परत येतील असं वाटत नाही. मलाही घरी बसवलं आहे, चौकशी संपेपर्यंत बिनपगारी. माझं टेबल मेरी लूकडे दिलं. ते ती नासवणार. तिला सारख्या आडनावांच्या फाइली कधी वेगळ्या ठेवता आल्या नाहीत.

शुक्रवारी अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये तळलेल्या माशांचं जेवण होतं. मी आणि आई नेहमीच्या टेबलाशी बसलो आणि बाकीच्या खुर्च्या रिकाम्याच राहिल्या. कोस्तेल्निकांची धाकटी सून पुढच्या आठवड्यात कोपऱ्यातल्या खोलीत जाणार होती, तिला आता पिट्सबर्गला जावं लागणार, घरी दोन लहान मुलं. तिची सासू माझ्याजवळ आली, ताट हातात धरून, आणि म्हणाली, “तुझ्या आईचं झालं ना एकदा, मग बाकीच्यांसाठी तिजोरीला कुलूप लाव.” आई मध्ये पडली नाही. मासा खात राहिली. घरी आल्यावर मात्र माझा कोट तिनं स्वतः अडकवला, कधी नाही ते.

आता किरण विभागाचा माणूस मोजायला येणार आहे. यॉस्ट नाव त्याचं. तुला कागद आला असेल. तुझ्याकडे येऊन बोलायची त्याची तयारी आहे, पण तू त्याचा फोन उचलत नाहीस असं तो म्हणतो. का उचलत नाहीस ते मला कळत नव्हतं, आता थोडं कळतंय. महिनाभर तू उत्तर मागत होतीस, आणि आता ते येऊ घातलंय. तू नसलीस तर त्याला खोलीतल्या दुसऱ्या माणसाला विचारावं लागेल. खोलीत दुसरं कोण होतं ते तुला माहीत आहे.

टेस

७ मे

बर्नी,

काल झालं. सगळं जसं झालं तसं लिहिते, तू मध्येच कागद टाकू नकोस.

यॉस्ट उंच, टक्कल पडलेला, जर्मन वळणाचा माणूस आहे. बोलणं कमी. पहिल्यांदा त्यानं आईला न्यायला नकार दिला, आजारी बाईला कशाला त्रास, मीच घरी येऊन विचारतो म्हणाला. आई म्हणाली, घरी पलंग वेगळा आहे. मग आम्ही तिघं कोपऱ्यातल्या खोलीत गेलो. नळ्या अर्थातच नव्हत्या, रिकामं नळकांडं आणि तुझा लांब चिमटा होता. आई अंगातल्या कोटासकट पलंगावर उताणी झाली. तुझ्या जागी मी उभी राहिले, कारण आपली उंची एक. लहानपणी आपण एकच कोट आळीपाळीनं घालायचो ते मी त्याला सांगितलं, आणि त्यानं ते खरंच टिपून घेतलं.

त्यानं आईला विचारलं, नळ्या बसवताना तुमची मुलगी कुठे उभी होती? आईनं दाखवलं. मी चिमटा धरला, आत घातल्यासारखं केलं, बाहेर काढला. त्यानं घड्याळ पाहिलं, टेप काढून पलंगापासून माझ्या पोटापर्यंत धरला. इतक्या जवळ टेप धरलेला मला सहन होईना. मग तो म्हणाला, झालं, फारच थोडं आहे, आणि वही मिटायला लागला.

तेव्हा आई म्हणाली, “झालं नाही. ती नंतर थांबली.”

बर्नी, मला हे माहीत नव्हतं. तू मला सांगितलं नाहीस आणि तिनंही नाही. तिनं त्याला सांगितलं, मला भीती वाटत होती. आत काहीतरी जळतंय आणि हलायचंसुद्धा नाही, दोन दिवस असं पडून राहायचं, माणूस येणार तो शिशाच्या पडद्यामागं उभा राहणार. मी बर्नीला म्हटलं, जाऊ नको, माझ्याबरोबर जपमाळेचे दहा मणी म्हण. ती पडद्याच्या पलीकडे जाऊ शकली असती. इथं माझ्या डोक्याशी उभी राहिली आणि माझा हात धरून तिनं दहा मणी म्हटले.

यॉस्टनं मिटलेली वही परत उघडली. त्यानं विचारलं, दहा मण्यांना किती वेळ लागतो? आई म्हणाली, ते मी कसं सांगू? मग तो म्हणाला, म्हणून दाखवाल का?

मी तुझ्या जागी जाऊन आईचा हात धरला. त्यानं घड्याळ हातात घेतलं. आईनं डोळे मिटले आणि सुरू केलं, स्लोव्हाकमधून, तिच्या आईनं शिकवलेलं. ती धावत होती. मी जन्मात तिला असं म्हणताना ऐकलं नव्हतं. तुला ठाऊक आहे तिचं कसं असतं, एकेक शब्द चघळून, चर्चमध्ये सगळ्यांचं संपलं तरी हिचं चालूच, आपण लहानपणी मागच्या बाकावर हसायचो. आणि काल ती शब्द गिळत, श्वास न घेता पळत होती, पाचव्या मण्यावर घशाला कोरड पडली तरी थांबेना. मला कळलं ती काय करते आहे. तुझ्या वाट्याला लहान आकडा यावा म्हणून करत होती. माझा हात तिनं इतका घट्ट धरला होता की जणू ती मला गप्प राहायलाच सांगत होती.

मी गप्प राहिले असते तर कोणाचं बिघडलं नसतं. तुलाही छान कागद मिळाला असता. पण तू मागितलं होतंस ते खरं, आणि मी या खोलीबद्दल एकदा खोटं लिहून बसले आहे.

मी म्हटलं, “मिस्टर यॉस्ट, थांबवा. ती अशी म्हणत नाही. पुन्हा घ्या.”

आईनं डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. मी घरात कितीही बोलणी खाल्ली असतील, पण ती नजर मी विसरणार नाही. मी तिला म्हटलं, आई, बर्नीला खरं तेच हवंय. तू त्या दिवशी म्हटलंस तसं म्हण.

तिनं पुन्हा सुरुवात केली. हळू. आठव्या की नवव्या मण्याशी रडायला लागली, पण तिनं एक शब्द सोडला नाही. यॉस्ट भिंतीकडे तोंड करून उभा होता. त्याच्या हातातलं घड्याळ चालू होतं.

मग तो कोपऱ्यात बसून हिशेब करत राहिला. त्यानं तो पुन्हा केला. आम्ही दोघी पलंगाच्या कडेला बसून वाट पाहत होतो. शेवटी तो उठला, आईसमोर खुर्ची ओढून बसला, आणि तिला ऐकू जाईल असं सावकाश म्हणाला:

“बाई, तुम्ही दोघी मिळून अख्खी माळ म्हणत बसला असतात, तरी त्यानं बाळ गेलं नसतं. त्याच्या कितीतरी पट लागतं. ते दुसऱ्या कशानं गेलं, किंवा कशानंच नाही. बाळं अशी जातात.”

आईनं त्याला पुन्हा म्हणायला लावलं. तो पुन्हा म्हणाला. मी मागून विचारलं, जवळ उभी होती तरी? तो म्हणाला, तरी.

म्हणजे मार्चमध्ये कागद दिला असता तर मार्चमध्येच हे कळलं असतं. तुला कळलं असतं, आणि इथली तिजोरी बंद झाली असती तरी आई तेव्हाच आपल्या पायानं पिट्सबर्गला गेली असती. आईच्या नळ्या चुकू नयेत म्हणून मी गप्प बसले आणि माझ्या गप्प बसण्यानंच त्या चुकल्या. हे वाक्य मी काल रात्रीपासून मनात म्हणतेय. ते कुठून तरी सैल निघेल असं वाटत होतं, निघत नाही.

घरी येताना गाडीत आई म्हणाली, पिट्सबर्गला कधी नेतेस? मी म्हटलं, त्यांची तारीख मिळेल तेव्हा. ती म्हणाली, उद्याच विचार.

यॉस्टचा कागद तुला सरळ येईल. त्यात आकडे असतील, तुला ते वाचता येतात. पण आधी माझ्याकडून ऐक. तुझ्यामुळे नाही, आईमुळे नाही. तू थांबलीस ते बरं केलंस. मी त्या जागी उभी राहून पाहिलं, तिच्या हाताला धरून. मला तिथून निघवलं नसतं.

टेस

१२ जून

बर्नी,

पिट्सबर्गहून काल परत आलो.

तिथली डॉक्टरीणबाई तरुण आहे, वेणी घालते, आईशी बोलताना पलंगावर बसते. तपासून झाल्यावर तिनं मला बाहेर बोलावलं. वाढ परत झाली आहे, मूत्राशयात गेली आहे, मागेही. आता नळ्या बसवायला काही राहिलं नाही. मी तिला विचारलं, एप्रिलमध्ये आणलं असतं तर? ती म्हणाली, मार्चमध्ये आणायला हवं होतं. तिनं ते वाईट हेतूनं म्हटलं नाही, तिला आमची गोष्ट माहीत नव्हती.

मी आईला सांगायला आत गेले तर तिला कळलेलंच होतं. म्हणाली, त्या मुलीचा चेहरा काचेतून दिसत होता. परतीच्या वाटेवर तिला पेट्रोलपंपावरचा हॉट डॉग हवा होता, दिला. निम्मा खाल्ला. बाकीचा कागदात गुंडाळून म्हणाली, ड्वेनला. मी म्हटलं, आई, ड्वेन आता शनिवारी येत नाही, त्यानं टोलेडोलाच काम धरलं आहे. तरी तिनं तो जपून घरी आणला.

तू फोन केला नाहीस म्हणून मी आता रुसत नाही. यॉस्टचा कागद पोचला हे ड्वेननं कळवलं. तू तो घेऊन दिवसभर मागच्या पायरीवर बसली होतीस असंही म्हणाला. माझ्याकडे पाहायला तुला अजून वेळ लागेल, आणि कधीच पाहावंसं वाटलं नाही तरी मी त्याला काही म्हणणार नाही. चौकशी संपली, मला कामावरून काढलं. दंड भरायचा आहे, तो माझा मी पाहीन. या कशातही तुझ्याकडून मला काही नको.

आईचं मात्र मागते. ती जिवंत आहे, शुद्धीवर आहे, दुखणं औषधानं आवरतं. डॉक्टरीणबाई म्हणते, उन्हाळाभर. मी पलंग समोरच्या खोलीत खिडकीशी आणला आहे. तुला सांगायला तिनं एकच निरोप दिला. म्हणाली, “बर्नीला सांग, त्या दिवशी मी तिला लवकर जा म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही, कारण तिचा हात गरम होता.”

तू येशील त्या दिवशी मी घरात थांबणार नाही. किल्ली शेजारी मिसेस बेडनारकडे असेल. आईच्या अंगात आता काही बसवलेलं नाही. पडदा नाही, घड्याळ नाही, कोणी बाहेरून दार वाजवून वेळ संपली म्हणणार नाही. आता तिच्याजवळ कितीही वेळ बसलं तरी चालतं.

टेस